धूर दिसत नाही, मग मोजायचे काय?

नववीच्या वर्गात आम्ही हायड्रोजनचा प्रयोग घेत होतो. जस्ताचे तुकडे, सौम्य आम्ल, परीक्षानळी आणि पेटती काडी. नळीच्या तोंडाशी काडी नेली की 'फट्' असा आवाज होतो आणि काचेच्या आतल्या बाजूला बाष्पाचा पुसट थर धरतो. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. त्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, हायड्रोजन जळला की फक्त पाणीच होतं ना? माझे अब्बा ट्रक चालवतात. ते म्हणतात, आता हायड्रोजनचे ट्रक येणार, त्यांना धूरच नसणार. मग त्यांना पीयूसी कशाला लागेल?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईना. पाठ्यपुस्तकातले समीकरण बरोबर आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून पाणीच तयार होते. पण इंजिन शुद्ध ऑक्सिजन घेत नाही, ते हवा घेते; आणि हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. खरी गोष्ट तिथून सुरू होते. त्या मुलीला जे तासाभरात पुरते सांगता आले नाही, ते या लेखात सविस्तर मांडत आहोत.

पाण्यात आम्ल कुठून आले?

या प्रश्नाचे पहिले उत्तर सुमारे २४० वर्षांपूर्वी मिळाले. हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने १७६६ मध्ये हायड्रोजन हा वेगळा वायू असल्याचे दाखवले होते. पुढे १७८० च्या दशकात त्याने बंद भांड्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा विजेच्या ठिणगीने स्फोट करून पाणी तयार केले. ते पाणी त्याने तपासले, तेव्हा ते काही वेळा आंबट निघाले. त्यात नायट्रिक आम्ल होते. कॅव्हेंडिशने शोध घेतला तेव्हा कळले की भांड्यात थोडा नायट्रोजन शिल्लक राहत होता आणि स्फोटाच्या उष्णतेने तोही ऑक्सिजनशी संयोग पावत होता.

हायड्रोजनच्या इंजिनात आज नेमके हेच घडते. ज्वालेचे तापमान सुमारे दीड हजार अंश सेल्सिअसच्या वर गेले की एरवी शांत असणारा नायट्रोजन ऑक्सिजनला चिकटू लागतो. तापमान जसजसे वाढते तसा हा वेग फार झपाट्याने वाढतो. यातून नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. इंजिनच्या धंद्यातली माणसे त्यांना थोडक्यात 'नॉक्स' म्हणतात. डिझेलच्या धुरातही हेच विष असते. ते श्वासनलिकेला दाह करते, दमेकऱ्याचा त्रास वाढवते, उन्हात जमिनीलगत ओझोन तयार करते आणि पावसात मिसळून आम्ल बनते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक सरासरी पातळी हवेच्या दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमवर आणावी असे सुचवले. आधी हा आकडा ४० होता. आपल्या देशात निवासी भागासाठीचे मानक अजून ४० च आहे.

म्हणजे हायड्रोजनच्या ट्रकमधून काळा धूर निघणार नाही हे खरे; पण डोळ्यांना न दिसणारा नॉक्स निघू शकतो. किती निघतो, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. आणि आपल्या पेट्रोल पंपाजवळचे पीयूसी यंत्र ते सांगणार नाही. ते पेट्रोलच्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन पाहते आणि डिझेलच्या गाडीत धुराचा दाटपणा पाहते. नॉक्स ते मोजतच नाही. हायड्रोजनचे इंजिन या यंत्राला लावले तर मुळात कार्बनच नसल्याने ते जवळपास कोरा कागद छापून देईल. त्या कोऱ्या कागदावरून गाडी निर्दोष ठरत नाही.

आपल्या रस्त्यांवर हायड्रोजन

ही चर्चा फक्त परदेशची नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद आहे आणि २०३० पर्यंत वर्षाला किमान ५० लाख टन हरित हायड्रोजन तयार करण्याचे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत बंगळुरूला रिलायन्स आणि अशोक लेलँड यांनी हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनाचा ट्रक दाखवला. टाटा मोटर्सने मार्च २०२५ मध्ये १६ हायड्रोजन वाहनांची रस्त्यावरची चाचणी सुरू केली. ती मुंबई, पुणे, सुरत, वडोदरा, दिल्ली परिसर, जमशेदपूर आणि कलिंगनगर या भागांतल्या मालवाहतुकीच्या मार्गांवर होणार असल्याचे कंपनीने जाहीर केले.

या वाहनांत दोन प्रकार आहेत. एकात 'फ्युएल सेल' असतो. त्यात हायड्रोजन जळत नाही; रासायनिक क्रियेतून वीज तयार होते आणि मोटर फिरते. दुसऱ्या प्रकारात नेहमीसारखे पिस्टनचे इंजिन असते आणि त्यात डिझेलऐवजी हायड्रोजन जळतो. दुसरा प्रकार आपल्या गॅरेजवाल्यांच्या ओळखीचा आहे. पिस्टन, वाल्व, क्रँक सगळे तेच. म्हणून तो स्वस्त पडेल आणि जुन्या कारागिरांच्या हाताला काम राहील, अशी आशा आहे. नॉक्सचा प्रश्न मात्र या दुसऱ्याच प्रकारात येतो.

त्यावर उपायही आहे. हायड्रोजनचा एक गुण असा की भरपूर हवेत अगदी थोडा मिसळला तरी तो व्यवस्थित जळतो. गरजेच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त हवा दिली तर ज्वाला थंड राहते आणि नॉक्स फार कमी होतो. पण चढावर जोर लागला, मिश्रण दाट झाले, की नॉक्स एकदम उसळी घेतो. म्हणून इंजिन कोणत्या अवस्थेत किती वायू सोडते याची क्षणाक्षणाची नोंद ठेवावी लागते.

सायलेन्सरमधून काय काय निघते?

हायड्रोजन इंजिनच्या नळीतून सर्वांत जास्त निघतो तो नायट्रोजन. त्याखालोखाल पाण्याची वाफ आणि उरलेला ऑक्सिजन. त्यानंतर थोड्या प्रमाणातल्या गोष्टी येतात. नॉक्स आहेच. शिवाय न जळता निसटलेला हायड्रोजन. पिस्टनच्या भिंतीवरचे वंगणतेल थोडेफार जळते, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडचा अंश आणि अतिसूक्ष्म कण. नॉक्स कमी करण्यासाठी युरियाचा फवारा व उत्प्रेरक लावला असेल तर थोडा अमोनिया आणि नायट्रस ऑक्साइड.

यातली प्रत्येक गोष्ट मोजण्याला कारण आहे. नायट्रस ऑक्साइड हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ करतो. निसटलेला हायड्रोजनही अगदी निरुपद्रवी नाही. तो वातावरणात मिथेनचे आयुष्य लांबवतो आणि त्या मार्गाने उष्णता वाढवतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १२ पट धरला आहे. हवामान वाचवण्यासाठी इंजिन बनवायचे आणि त्याच्या गळतीचा हिशेब ठेवायचा नाही, हे बरोबर नाही.

पहिली अडचण पाण्याची

आता मोजणाऱ्यापुढची अडचण पाहू. हवा नेमकी गरजेइतकी दिली तर हायड्रोजनच्या धुरात आकारमानाने सुमारे ३५ टक्के वाफ असते. हवा दुप्पट दिली तरी सुमारे १९ टक्के राहते. पेट्रोलच्या धुरात हे प्रमाण १३-१४ टक्क्यांच्या आसपास असते. एवढी वाफ साध्या नळीतून यंत्राकडे नेली तर वाटेतच तिचे पाणी होते. १९ टक्के वाफ असलेला वायू साठेक अंशांच्या खाली उतरला की थेंब धरू लागतो. हे पाणी नळी तुंबवते, यंत्र बिघडवते आणि त्याहून वाईट म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड व अमोनिया स्वतःत विरघळवून घेते. जे मोजायचे तेच वाटेत पाण्याबरोबर गळून पडते.

म्हणून नमुना घेणारी नळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तापवलेली ठेवतात. अनेक प्रयोगशाळांत तिचे तापमान १९० अंशांच्या आसपास असते. नळीचा एखादा सांधा जरी थंड राहिला तरी माप चुकते. चहाच्या पातेल्यावरच्या झाकणाला जसे थेंब लागतात, तसेच त्या सांध्याला आतून लागतात.

काही यंत्रांत नमुना मुद्दाम थंड करून पाणी काढून टाकतात आणि कोरडा वायू मोजतात. त्यात हिशेबाचा फेर येतो. समजा, ओल्या धुरात दशलक्षात १०० भाग नॉक्स आहे आणि १९ टक्के वाफ आहे. वाफ काढून टाकली की उरलेल्या ८१ भागांत तोच नॉक्स दाटतो आणि यंत्र १२३ दाखवते. यंत्र चुकलेले नसते. फक्त ते कोरडे माप असते. त्याचे ओल्यात रूपांतर करावे लागते.

हा फरक किती महागात पडू शकतो ते पाहा. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ नियमांत अवजड डिझेल इंजिनांसाठी नॉक्सची एक मर्यादा दर किलोवॅट-तासाला ०.४६ ग्रॅम आहे. समजा, असाच आकडा गाठायचा आहे. एखादे इंजिन खरोखर ०.४० सोडत असेल आणि कोरड्या मापाचे रूपांतर करायचे राहून गेले, तर ते ०.४९ दिसेल आणि चांगले इंजिन नापास होईल. उलट, खरोखर ०.५० सोडणाऱ्या इंजिनाचे रूपांतर चुकून दोनदा केले, तर ते ०.४१ च्या आसपास दिसेल आणि दोषी इंजिन पास होऊन रस्त्यावर येईल. कोणी खोटे बोलले नाही, तरीही लोकांच्या फुफ्फुसांत विष गेले.

न दिसणारा वायू कसा मोजतात?

नॉक्स मोजण्याची एक सुंदर रीत आहे. नायट्रिक ऑक्साइडमध्ये ओझोन मिसळला की क्रियेतून मंद प्रकाश निघतो. तो प्रकाश मोजला की वायू किती ते कळते. नायट्रोजन डायऑक्साइडचे आधी नायट्रिक ऑक्साइडमध्ये रूपांतर करून मग मोजतात. पण इथेही वाफ आड येते. पाण्याचे रेणू त्या चमकणाऱ्या रेणूंना आदळून त्यांची ऊर्जा काढून घेतात आणि प्रकाश कमी पडतो. पेट्रोल-डिझेलसाठी बसवलेले यंत्र जसेच्या तसे हायड्रोजन इंजिनला लावले तर ते नॉक्स कमी दाखवण्याचा संभव असतो. म्हणून किती वाफेत यंत्र किती मागे पडते, हे आधी तपासून ठेवावे लागते.

दुसरी रीत अवरक्त किरणांची. प्रत्येक वायू आपापल्या ठरावीक लहरी शोषतो, त्यावरून नॉक्स, अमोनिया, नायट्रस ऑक्साइड असे अनेक वायू एकाच वेळी ओळखता येतात. मात्र खुद्द हायड्रोजन या किरणांना दिसतच नाही. त्याच्या रेणूत दोन सारखेच अणू असतात, त्यामुळे तो ही लहर शोषत नाही. त्याच्यासाठी रेणूंचे वस्तुमान पाहणारा मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, किंवा उष्णता वाहण्याच्या गुणावर चालणारे यंत्र. हायड्रोजन हवेच्या सुमारे सातपट वेगाने उष्णता वाहतो, त्यावरून तो पकडता येतो.

आणखी एक आधार इथे सुटतो. पेट्रोल इंजिनात जितका कार्बन इंधनातून आत गेला तितका धुरातून बाहेर यायला हवा. हा ताळा जमला नाही तर कुठेतरी चूक आहे हे लगेच कळते. दुकानदाराच्या रोजमेळासारखी ही गोष्ट आहे. हायड्रोजनमध्ये कार्बन नाही, त्यामुळे हा रोजमेळ बंद. मग आत जाणारी हवा वेगळी मोजायची, हायड्रोजन वेगळा मोजायचा, आणि ऑक्सिजन व पाण्याच्या हिशेबाने ताळा घ्यायचा. एक किलो हायड्रोजनला जळायला सुमारे ३४ किलो हवा लागते, तेव्हा हायड्रोजनच्या मापात झालेली छोटी चूकही हिशेबात मोठी होते.

शून्याजवळचे माप

बीएमडब्ल्यू कंपनीने २००६ नंतर 'हायड्रोजन ७' नावाच्या सुमारे १०० मोटारी बनवल्या. त्यांत बारा सिलिंडरचे इंजिन होते आणि उणे २५३ अंशांवरचा द्रवरूप हायड्रोजन भरला जात असे. या गाडीचा फक्त हायड्रोजनवर चालणारा एक नमुना २००८ मध्ये अमेरिकेत शिकागोजवळच्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत तपासला गेला. शहरी चालण्याच्या प्रमाणित चाचणीत तिचा नॉक्स त्या वेळच्या सर्वांत कडक अमेरिकी वर्गाच्या मर्यादेच्या सुमारे ४ टक्केच निघाला. काही घटकांच्या बाबतीत तर बाहेर पडणारा वायू आत घेतलेल्या हवेपेक्षा स्वच्छ निघाला.

इथे मोजणाऱ्याची खरी कसोटी लागते. अशा चाचणीत धूर प्रयोगशाळेतल्या हवेत मिसळून पातळ करतात आणि पिशवीत भरतात. पण त्या हवेतही थोडा नॉक्स, थोडे हायड्रोकार्बन असतेच. म्हणून नुसत्या हवेची दुसरी पिशवी भरायची, दोन्ही मोजायच्या आणि वजाबाकी करायची. पाच किलो तांदूळ मोजताना पिशवीचे वजन विसरले तरी फारसे बिघडत नाही. पण गुंजभर सोने मोजताना पुडीचा कागदही हिशेबात धरावा लागतो. धूर जितका स्वच्छ, तितके त्याचे माप अवघड.

कॅव्हेंडिशचीच आणखी एक गोष्ट सांगतो. १७८५ मध्ये त्याने हवेतला सगळा नायट्रोजन ठिणगीने संपवायचा प्रयत्न केला. शेवटी एक लहानसा बुडबुडा उरला, तो काही केल्या जाईना. तो मूळ नायट्रोजनच्या १२० व्या भागाहून जास्त नाही, असे त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले. 'प्रयोगातली किरकोळ चूक' म्हणून तो खोडून टाकता आला असता. शंभरहून जास्त वर्षांनी, १८९४ मध्ये, रॅले आणि रॅमझे यांनी आरगॉन वायू शोधला. कॅव्हेंडिशचा बुडबुडा तोच होता.

मोजणाऱ्याचा जीवही मोलाचा

अचूकपणाइतकीच सुरक्षितता महत्त्वाची. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, म्हणून गळती नाकाला कळते. तसा वास वाहनांच्या हायड्रोजनमध्ये घालत नाहीत, कारण तो फ्युएल सेल बिघडवतो. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात हायड्रोजन पेट घेऊ शकतो. त्याला पेटायला लागणारी ठिणगी पेट्रोलच्या वाफेला लागते त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान पुरते. थंडीत लोकरी स्वेटर काढताना चटचटणारी ठिणगीसुद्धा त्यासाठी जास्त आहे. आणि त्याची ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. अमेरिकेच्या अंतराळ केंद्रांत पूर्वी कामगार संशयाच्या जागी झाडू पुढे धरून चालत. झाडूने पेट घेतला की ज्वाला कुठे आहे ते कळे. आता त्यासाठी ज्वाला ओळखणारी उपकरणे आहेत.

घरात आपण गॅस गळतीचा इशारा देणारे यंत्र खाली, जमिनीजवळ लावतो, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असून तळाशी साचतो. हायड्रोजन हवेपेक्षा सुमारे १४ पट हलका. तो सरळ वर जातो आणि छताच्या कोनाड्यात साठतो. म्हणून इंजिन तपासणीच्या खोलीत शोधयंत्रे छताला असतात, छतात साठायला खोबण ठेवत नाहीत, आणि वरून हवा खेचणारे पंखे आधी सुरू झाल्याशिवाय हायड्रोजनचा झडपा उघडतच नाही, अशी रचना केलेली असते. हवेत हायड्रोजन १ टक्का होण्याच्या आतच भोंगा वाजावा आणि पुरवठा आपोआप बंद व्हावा, असा हिशेब ठेवतात. इंजिन थांबवताना आधी इंधन तोडतात, मग नळ्यांतून नायट्रोजन सोडून उरलासुरला हायड्रोजन बाहेर काढतात.

धोका मोजण्याच्या यंत्रातही असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही तर न जळलेला हायड्रोजन ऑक्सिजनसह तापलेल्या सायलेन्सरमध्ये शिरतो आणि तिथून नमुन्याच्या नळीत येतो. नॉक्सचे यंत्र ओझोन बनवण्यासाठी आत विजेचा झोत सोडत असते. दाट हायड्रोजन तिथवर पोहोचला तर यंत्रच पेटेल. म्हणून नमुना आधी नायट्रोजनने पातळ करतात, कपाटात सतत हवा खेळती ठेवतात आणि मोजून झालेला वायू खोलीत न सोडता नळीने बाहेर नेतात. पिस्टनच्या कड्यांमधून झिरपलेला हायड्रोजन खाली तेलाच्या कोठीत साठतो, तिथेही ताजी हवा आणि वेगळे शोधयंत्र लागते.

म्हणून एक कळकळीची विनंती. 'पाण्यावर गाडी चालवा', 'हायड्रोजनचे किट बसवा' अशा जाहिराती आपल्या मुलांच्या मोबाइलवर येतात. घरी बॅटरी आणि बरणी जोडून हायड्रोजन साठवण्याचा खेळ कोणी करू नये. शाळेतला प्रयोग परीक्षानळीभर असतो आणि शिक्षक समोर असतो, म्हणून तो 'फट्' एवढ्यावर थांबतो.

तराजू आणि अमानत

प्रयोगशाळेत रोज सकाळी पहिले काम यंत्राला शून्य दाखवण्याचे असते. शुद्ध नायट्रोजन सोडून काटा शून्यावर आहे ना ते पाहतात. मग ज्यात नॉक्स किती ते आधीच ठाऊक आहे अशा सिलिंडरमधला वायू सोडून तेवढाच आकडा येतो ना ते पाहतात. चाचणी संपल्यावर पुन्हा तेच. मधल्या वेळात काटा सरकला असेल तर ती चाचणी रद्द. आपल्या बाजारातल्या वजनकाट्याला वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, त्याचेच हे रूप आहे.

माप हा विषय आपल्याला नवा नाही. कुरआनातल्या एका सूरहचे नावच, अल-मुतफ्फिफीन, मापात मारणाऱ्यांवरून पडले आहे. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतून ओल लागली, तेव्हा त्या विक्रेत्याला भिजलेले धान्य वर का ठेवले नाही म्हणून जाब विचारला, हा प्रसंग आपल्या घरांत मुलांना सांगितला जातो. वरून कोरडे आणि आतून ओले, हे धान्याच्या ढिगाला लागू आहे तसेच यंत्राच्या आकड्यालाही लागू आहे. इस्लामी इतिहासात मर्व शहरात राहिलेल्या अल-खाझिनी या विद्वानाने ११२१ च्या सुमारास 'मीझानुल हिकमा' हा ग्रंथ लिहिला. त्यात पाण्यात तोलून धातूंची शुद्धता ओळखणारा अत्यंत बारीक तराजू कसा बनवायचा आणि कसा तपासायचा, ते सविस्तर दिले आहे. ज्या समाजाच्या वारशात असा ग्रंथ आहे, त्याच्या मुलांना वायू तोलण्याचे हे काम परके वाटू नये.

मापात खोट झाली तर काय होते, हे जगाने २०१५ मध्ये पाहिले. फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांत अशी संगणक-आज्ञा लपवलेली होती की प्रयोगशाळेतली चाचणी ओळखून तेवढ्यापुरता नॉक्स कमी व्हावा. रस्त्यावर मात्र तो मर्यादेच्या कितीतरी पट निघे. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही लबाडी होती. ती उघडी पडण्याची सुरुवात केली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या छोट्या पथकाने. त्यांनी मोजण्याची यंत्रे गाडीच्या मागे बांधली आणि कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर शेकडो मैल फिरून आकडे घेतले. एका गाडीचा नॉक्स मर्यादेच्या ३५ पटींपर्यंत गेलेला दिसला. त्या पथकात अरविंद तिरुवेंगडम यांच्यासारखे भारतीय संशोधक होते. त्यांना कोणाची लबाडी पकडायची नव्हती. आकडा जुळत नव्हता, आणि त्यांनी तो दाबला नाही.

त्या मुलीला उत्तर

पुढच्या तासाला आम्ही त्या मुलीला सांगितले, "तुझ्या अब्बांचं अर्धं बरोबर आहे. काळा धूर जाईल. पण नॉक्स किती, निसटलेला हायड्रोजन किती, हे कुणीतरी मोजायलाच लागेल. आणि साधं पीयूसी यंत्र त्याला पुरणार नाही."

तिने लगेच विचारले, "मग ते मोजायला कुणाला ठेवतात?"

याचे उत्तर आमच्या वाचक माता-पित्यांनी ऐकावे असे आहे. पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही वाहन तपासणी आणि संशोधन करणारी संस्था आहे. इंजिन, यंत्रे आणि वायू यांची परीक्षा घेणाऱ्या अशा ठिकाणी फक्त मोठे शास्त्रज्ञ लागत नाहीत. नळ्या जोडणारे, यंत्रे तपासणारे, नोंदी ठेवणारे तंत्रज्ञही लागतात. आयटीआयचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, रसायनशास्त्राचा पदवीधर, डिप्लोमा केलेली मुलगी, यांना या कामात जागा आहे. दहावीनंतर 'पुढे काय' असा प्रश्न घरात येतो, तेव्हा डॉक्टर-इंजिनिअर या दोनच शब्दांवर न थांबता या वाटेचाही विचार व्हावा.

आणि आपण सर्वांनी एक सवय लावून घ्यावी. कोणी 'शून्य प्रदूषण' म्हटले तर विचारावे: काय मोजले, ओले की कोरडे, रस्त्यावर की प्रयोगशाळेत, आणि त्या दिवशीच्या हवेत आधीच किती होते? ज्याने खरोखर मोजले आहे, तो या प्रश्नांनी रागावणार नाही.

ती मुलगी आता विज्ञानाच्या वहीत मागच्या पानावर प्रश्न लिहून आणते. परवाचा प्रश्न होता, "सर, आपल्या प्रयोगातलं ते पाणी आंबट असतं का?" लिटमसचा कागद आणून आम्ही दोघांनी तो थर तपासला. एवढ्या थोड्या पाण्यावर कागदाचा रंग काही बदलला नाही. तिने वहीत लिहिले, "बदल दिसला नाही. पाणी फार कमी होते. पुन्हा करून पाहायचे." आम्ही त्याखाली सही केली.